नोडच्या सर्व्हरवर क्लायंट सर्टिफिकेटमधल्या नावावर विसंबलेला कोड: नुसतं अपग्रेड पुरेल का?

पहाटवारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एक जुनी सेवा नुकतीच माझ्या टीमकडे आली आहे आणि तिच्यापायी झोप उडाली आहे. जरा सविस्तर लिहितो.

सेवा नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) १४.१७ वर चालते. मध्ये कुठलीही प्रॉक्सी नाही, टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) थेट नोडमध्येच संपतं. कंपनीतल्या इतर काही सेवा तिला कॉल करतात, आणि कोण कॉल करतंय हे क्लायंट सर्टिफिकेटवरून ठरतं. सर्टिफिकेटं आमच्या अंतर्गत सीएकडून (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या यंत्रणेकडून) येतात. सर्व्हर सुरू करताना 'रिक्वेस्टसर्ट' ट्रू आणि 'रिजेक्टअनऑथराइज्ड' फॉल्स दिलेलं आहे. शेजारी कोणीतरी कॉमेंट टाकली आहे: "हेल्थ चेकवाल्या लोड बॅलन्सरकडे सर्टिफिकेट नाही, म्हणून फॉल्स." पुढे एक मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी तपासणारा कोड) आहे. ते 'गेटपीअरसर्टिफिकेट' बोलावतं, सब्जेक्टमधलं (सर्टिफिकेट कोणाचं ते सांगणाऱ्या भागातलं) कॉमन नेम काढतं आणि ते परवानगीच्या यादीत असेल तर रिक्वेस्ट पुढे सोडतं. नाव लॉगमध्ये जातं. एवढंच.

सिक्युरिटी स्कॅनमध्ये सीव्हीई-२०२१-४४५३२ आणि सीव्हीई-२०२१-४४५३३ (जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींचे क्रमांक) लाल रंगात आले. वरून निरोप आला की आवृत्ती वाढवा आणि तिकीट बंद करा.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, सीए आमचाच आहे, तर असं खोडसाळ सर्टिफिकेट कोणाला मिळणार तरी कसं? दुसरी, आवृत्ती वाढवली की हा मिडलवेअर जसाच्या तसा ठेवला तरी चालेल का? आणि तिसरी, आणखी एका फाइलमध्ये 'सब्जेक्टऑल्टनेम'ची (सर्टिफिकेटमधल्या पर्यायी नावांची) स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडून नावं काढली आहेत, तिला हात लावायला हवा का?

या सेवेतून पैशांच्या व्यवहारांची माहिती जाते. म्हणून तिकीट बंद करण्याआधी मला नीट कळायला हवं आहे.

रानवाट

या दोन्ही त्रुटी १० जानेवारी २०२२ च्या सिक्युरिटी रिलीझमध्ये दुरुस्त झाल्या. १४ च्या मालिकेत १४.१८.३ आणि १६ च्या मालिकेत १६.१३.२ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. पण १४ चा आधार एप्रिल २०२३ मध्येच संपला, तेव्हा आता सरळ २२ किंवा २४ वर जा. मधल्या आवृत्त्यांवर थांबण्यात अर्थ नाही.

सीए तुमचाच आहे, तेव्हा बाहेरच्या माणसाला काही करता येणार नाही. अपग्रेड करा, पण रात्र जागवण्याइतकं हे गंभीर वाटत नाही.

सुमेधा

रानवाट यांनी आवृत्त्या बरोबर सांगितल्या आहेत. "गंभीर वाटत नाही" हे मात्र मला अजिबात पटत नाही. पहाटवारा, तुम्ही ज्या दोन सीव्हीईंबद्दल विचारताय त्यांच्याहून मोठं भोक तुमच्याच वर्णनात आहे. ते स्कॅनरला दिसणार नाही आणि कुठल्याही अपग्रेडने बुजणार नाही. म्हणून आधी त्याबद्दल.

'रिक्वेस्टसर्ट' ट्रू म्हणजे सर्व्हर हँडशेकमध्ये (कनेक्शन जुळवतानाच्या देवाणघेवाणीत) क्लायंटकडे सर्टिफिकेट मागतो. 'रिजेक्टअनऑथराइज्ड' फॉल्स म्हणजे ते कोणीही सही केलेलं असो, मुदत संपलेलं असो, किंवा मुळात दिलेलंच नसो, कनेक्शन चालू राहतं. नोड तपासणी करतो, नाही असं नाही. पण निकाल फक्त सॉकेटवर लिहून ठेवतो: 'ऑथराइज्ड' फॉल्स, आणि कारण 'ऑथरायझेशनएरर'मध्ये. तो निकाल वाचून निर्णय घेणं ही तुमच्या कोडची जबाबदारी. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा मिडलवेअर तो वाचतच नाही, सरळ कॉमन नेमवर जातो.

याचा अर्थ असा की तुमच्या पोर्टपर्यंत ज्याचा हात पोचतो, त्याने ओपनएसएसएल वापरून घरच्या घरी स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवायचं, कॉमन नेममध्ये तुमच्या यादीतल्या सेवेचं नाव टाकायचं आणि आत यायचं. तुमच्या सीएला यातलं काहीच कळत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलंच नाही. 'गेटपीअरसर्टिफिकेट' समोरच्याने जे पाठवलं ते वाचून दाखवतं, खरं की खोटं ते सांगत नाही. हँडशेकमध्ये क्लायंट आपल्याकडे त्या सर्टिफिकेटची खाजगी की आहे हे सिद्ध करतो, हे खरं. पण सर्टिफिकेटही त्याचंच आणि कीही त्याचीच असेल तर त्यातून काय सिद्ध झालं?

हे आजच तपासा. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) असं सर्टिफिकेट बनवा, कर्ल या कमांडला द्या आणि काय उत्तर येतं ते पाहा. उत्तर आलं तर हे तिकीट बंद करायचं नसतं, वर चढवायचं असतं.

आता तुमचे तीन प्रश्न.

४४५३३ ची गोष्ट अशी. सर्टिफिकेटमधला सब्जेक्ट हा मुळात साधा मजकूर नसतो, ती घटकांची रचना असते, आणि एका घटकात एकाहून जास्त मूल्यंही असू शकतात. जुना नोड ही रचना मजकुरात उतरवून पुन्हा तोडत असे. त्यामुळे संस्थेच्या नावासारख्या एकाच मूल्याच्या घटकात असा मजकूर कोंबता येई की वाचताना त्यातून एक वेगळंच कॉमन नेम बाहेर पडावं. नोडच्या स्वतःच्या होस्टनेम तपासणीला याचा धोका नव्हता. धोका होता तो नोडने दिलेला सब्जेक्ट घेऊन त्यावर स्वतः निर्णय घेणाऱ्या बाहेरच्या कोडला. म्हणजे तुमच्या मिडलवेअरला, नेमका.

"सीए आमचा आहे" याचं उत्तरही यातच आहे. सीएच्या बाजूला कोण काय तपासतं, ते जाऊन विचारा. बऱ्याच अंतर्गत व्यवस्थांमध्ये फक्त कॉमन नेम तपासलं जातं आणि सब्जेक्टमधलं बाकी सगळं विनंतीत आलं तसं पुढे जातं. तसं असेल तर ज्याला स्वतःच्या एखाद्या किरकोळ सेवेसाठी रीतसर सर्टिफिकेट मागता येतं, त्याला संस्थेच्या नावाच्या रकान्यात हवं ते लिहिता येतं. तो माणूस कंपनीच्या आतलाच असेल, किंवा आतल्या एखाद्या मशीनवर ताबा मिळवलेला कोणी. अंतर्गत नेटवर्कवर एमटीएलएस (दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट) लावतात तेच मुळी "आत आहे म्हणजे विश्वासू" हे गृहीत धरायचं नाही म्हणून.

४४५३२ ऑल्टनेमच्या स्ट्रिंगबद्दल आहे आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. नोड सगळी पर्यायी नावं एका स्ट्रिंगमध्ये स्वल्पविरामाने जोडतो. एखाद्या नावाच्या पोटातच स्वल्पविराम, स्पेस आणि पुढे 'डीएनएस:' असं लिहिलेलं असेल, तर तोडणाऱ्याला एकाऐवजी दोन नावं दिसतात. दुरुस्तीनंतर नोड अशा शंकास्पद मूल्यांभोवती अवतरणचिन्हं घालतो आणि आतला मजकूर जेसन स्ट्रिंगसारखा एस्केप करतो. पण तुमची ती फाइल अजूनही डोळे मिटून स्वल्पविरामावर तोडत असेल, तर ती अवतरणचिन्हांच्या आतही तोडेल. नोड सुधारला, तुमचा कोड तिथेच राहिला. तेव्हा हो, हात लावायलाच हवा. १५.६ पासून नोडमध्ये 'एक्स५०९सर्टिफिकेट' नावाचा क्लास आहे, त्यात 'चेकहोस्ट' आहे. नाव जुळतं का एवढंच पाहायचं असेल तर स्ट्रिंग तोडत बसू नका, त्यालाच विचारा.

मिडलवेअर जसाच्या तसा ठेवायचा का? नाही. सगळ्यात आधी 'ऑथराइज्ड' ट्रू आहे का ते पाहा. नसेल तर तिथेच ४०१ देऊन थांबा, सर्टिफिकेट उघडूसुद्धा नका. मग कॉमन नेम स्ट्रिंगच आहे ना ते पाहा. सब्जेक्टमध्ये दोन कॉमन नेम असतील तर तिथे अ‍ॅरे येतो, आणि 'इन्क्लूड्स' स्ट्रिंगवरही चालतं, अ‍ॅरेवरही. "नावात अमुक शब्द आहे का" अशा तपासण्या त्यामुळे गुपचूप पास होतात. आणि क्लायंटने सर्टिफिकेट दिलंच नसेल तर 'गेटपीअरसर्टिफिकेट' रिकामं ऑब्जेक्ट देतं, त्यात सब्जेक्टच नसतो. ती एरर कुठे पकडली जाते आणि पकडल्यावर रिक्वेस्ट थांबते की पुढे जाते, हेही बघून घ्या.

"उघडूसुद्धा नका" हे मी मुद्दाम लिहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये नोडने सीव्हीई-२०१९-१५६०४ दुरुस्त केली. ऑल्टनेममध्ये एका विशिष्ट प्रकारचा मजकूर असलेलं क्लायंट सर्टिफिकेट आलं आणि सर्व्हरने ते वाचायला घेतलं, की अख्खी प्रोसेस कोसळत असे. जून २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-३०५८८ आली: सर्टिफिकेटमधली पब्लिक की बिघडलेली असेल तर तिची माहिती वाचताना प्रोसेस बंद. हे नोडपुरतंच नाही. गो या भाषेत मार्च २०२४ ला सीव्हीई-२०२४-२४७८३ दुरुस्त झाली. चेनमध्ये (सर्टिफिकेटपासून मूळ सीएपर्यंतच्या साखळीत) अनोळखी अल्गोरिदमची की असेल तर पडताळणी करतानाच प्रोग्रॅम पॅनिक होऊन कोसळायचा, आणि सर्व्हरच्या बाजूने याचा फटका फक्त क्लायंट सर्टिफिकेट तपासणाऱ्यांना होता. सर्टिफिकेट हा अनोळखी माणसाने लॉगिनच्याही आधी पाठवलेला, बराच गुंतागुंतीचा डेटा आहे. पडताळणीआधी त्यातलं जितकं कमी वाचाल तितकं बरं.

हेल्थ चेकसाठी वेगळा पोर्ट उघडा, ज्यावर हेल्थ चेकखेरीज काहीच नसेल. मुख्य पोर्टवर 'रिजेक्टअनऑथराइज्ड' ट्रू करा. एका लोड बॅलन्सरच्या सोयीसाठी सगळ्या सेवेचं दार उघडं ठेवणं मला कधीच मान्य होणार नाही.

पहाटवारा

सुमेधाताई, तुम्ही सांगितलंत तसंच निघालं. स्टेजिंगवर स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट, कॉमन नेम आमच्या बिलिंग सेवेचं. २०० आला, सोबत खरा डेटा. 'ऑथरायझेशनएरर' छापून पाहिला तर 'डेप्थ झिरो सेल्फ साइन्ड सर्ट' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. नोड सांगत होता, कोणी ऐकत नव्हतं. तिकीट वर चढवलं आहे, उद्या सकाळी मीटिंग आहे.

'रिजेक्टअनऑथराइज्ड' ट्रू करून पुन्हा पाहिलं. दोन शंका आल्या.

एक, कर्लच्या तपशीलवार आउटपुटमध्ये हँडशेक पूर्ण झाल्याचं दिसतं, रिक्वेस्ट पाठवल्याचंही दिसतं आणि मग कनेक्शन तुटतं. नकार हँडशेकमध्येच यायला नको का? रिक्वेस्ट आत पोचली की काय, अशी भीती वाटली.

दोन, सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये 'सीए' हा पर्याय कुठेच सापडला नाही. आमचा रूट (आमच्या सीएचं मूळ सर्टिफिकेट) 'नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिला आहे. सेवा नीट चालतात, म्हणजे ते ठीक आहे ना?

सुमेधा

पहिली शंका: रिक्वेस्ट आत पोचलेली नाही. टीएलएस १.३ मध्ये क्लायंट आपलं सर्टिफिकेट अगदी शेवटच्या टप्प्यात पाठवतो आणि त्याच्या बाजूने हँडशेक तिथेच संपतो. सर्व्हरने ते तपासून नकार देईपर्यंत क्लायंट रिक्वेस्ट पाठवून मोकळा झालेला असतो, म्हणून त्याला नकार पहिल्या रीडला कळतो. टीएलएस १.२ सक्तीने लावून पाहिलंत तर चित्र थोडं वेगळं दिसेल. खात्रीसाठी हँडलरच्या पहिल्या ओळीत लॉग टाका, तो उमटणार नाही.

दुसरी शंका: ठीक नाही, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. 'सीए' दिला नाही तर नोड स्वतःच्या सोबत येणारी मोझिलाची रूट यादी वापरतो. ते व्हेरिएबल त्या यादीत तुमचा रूट जोडतं, यादी बदलत नाही. म्हणजे आत्ता तुमच्या सर्व्हरला जगातले सगळे सार्वजनिक सीए क्लायंटसाठीही मान्य आहेत. स्वतःचं डोमेन असलेल्या कोणालाही सार्वजनिक सीएकडून सर्टिफिकेट मिळतं, आणि वेबसाइटसाठी दिलेल्या सर्टिफिकेटांवर क्लायंट म्हणून वापरण्याची परवानगीही वर्षानुवर्षं सर्रास असायची. लेट्स एन्क्रिप्टने ती बंद करत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं, ते चांगलंच आहे, पण तुमची सुरक्षा दुसऱ्याच्या धोरणावर टांगलेली नसावी. अशा सर्टिफिकेटला 'ऑथराइज्ड' ट्रू मिळेल. तुमचं अंतर्गत नाव त्याच्यावर येणार नाही, त्यामुळे नावाची यादी तुम्हाला वाचवेल. पण जिथे फक्त 'ऑथराइज्ड' पाहून सोडलं जातं अशी एखादी वाट कोडमध्ये असेल, तर ती जगाला खुली आहे.

'सीए' पर्यायात तुमचा रूट स्पष्ट द्या. तो दिला की मोझिलाची यादी आणि ते व्हेरिएबल, दोन्ही त्या सर्व्हरपुरती बाजूला पडतात. आणि शक्य असेल तर सगळ्या कंपनीचा रूट देऊ नका. सेवांना सर्टिफिकेटं देणारा वेगळा सीए असेल तर फक्त तोच. लॅपटॉपच्या वायफायसाठी दिलेलं सर्टिफिकेट बिलिंगच्या दारात चालायचं काही कारण नाही.

चौकट

एक भर घालतो, कारण अशा दुरुस्तीत हा भाग हमखास राहून जातो: सेशन रिझम्प्शन, म्हणजे आधीचं टीएलएस सेशन पुढे चालू करणं.

क्लायंट जुन्या सेशनचं तिकीट घेऊन परत आला तर पूर्ण हँडशेक होत नाही. सर्टिफिकेट पुन्हा पाठवलं जात नाही, चेन पुन्हा तपासली जात नाही, आधीच्या वेळचा निकालच उचलला जातो. म्हणजे तुम्ही एखादं सर्टिफिकेट रद्द केलंत, सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) बदललीत, तरी ज्याच्या हातात तिकीट आहे तो आत येत राहतो. नोडमध्ये 'सेशनटाइमआउट' मुळात ३०० सेकंदांचा असतो. तो कोणी वाढवून ठेवला आहे का ते पाहा. तिकिटांच्या कीज प्रत्येक सर्व्हरसाठी आपोआप रँडम बनतात, पण अनेक प्रोसेसमध्ये रिझम्प्शन चालावं म्हणून बरेच जण 'तिकीटकीज' हाताने देतात. तुमच्याकडे तसं असेल तर नवं कॉन्फिग लावताना त्या कीज बदला. नाहीतर जुन्या ढिल्या सर्व्हरने दिलेलं तिकीट नवा कडक सर्व्हरही ओळखेल.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची सीव्हीई-२०२५-२३४१९ पाहा, फेब्रुवारी २०२५ ची. एकाच पत्त्यावर आणि पोर्टवर अनेक सर्व्हर ब्लॉक असतील, तर एका ठिकाणी मिळवलेलं सेशन दुसऱ्या ठिकाणी वापरून क्लायंट सर्टिफिकेटची अट चुकवता येत होती. १.२६.३ आणि १.२७.४ मध्ये ती बंद झाली. नोडमध्ये 'सेशनआयडीकॉन्टेक्स्ट' नावाचा पर्याय याचसाठी आहे: एका अ‍ॅप्लिकेशनचं सेशन दुसऱ्याने स्वीकारू नये म्हणून. तो दिला नाही तर प्रोसेस ज्या आर्ग्युमेंट्सनी सुरू झाली त्यांच्या हॅशवरून बनतो, म्हणजे एकाच प्रोसेसमधल्या दोन सर्व्हरांना सारखाच मिळतो. सुमेधाताईंनी सुचवलेला हेल्थ चेकचा पोर्ट तुम्ही त्याच प्रोसेसमध्ये उघडणार असाल, तर दोन्हींना वेगवेगळा कॉन्टेक्स्ट स्पष्ट लिहून द्या. दोन ओळींचं काम आहे.

सीआरएलबद्दलही एक. नोड ती स्वतःहून आणत नाही किंवा ताजी करत नाही. सुरू होताना जी दिली तीच. नवी आली की 'सेटसिक्युअरकॉन्टेक्स्ट' बोलावून ती सर्व्हरला द्यावी लागते. हे करणारं काही चालू आहे का ते आधी बघा. नसेल तर सर्टिफिकेटांची मुदतच कमी करणं जास्त खात्रीचं.

रानवाट

सुमेधाताई, चौकट, मी फक्त सीव्हीईंकडे पाहून उत्तर दिलं होतं, 'रिजेक्टअनऑथराइज्ड'चा भाग जास्त महत्त्वाचा आहे हे मान्य. एक विचारतो. ओळख म्हणून कॉमन नेमऐवजी फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटचा हॅश) ठेवला तर हा सगळा नावांचा घोळच मिटत नाही का?

सुमेधा

मिटतो, पण सर्टिफिकेट नवं केलं की फिंगरप्रिंट बदलतो. दर नूतनीकरणाला यादीही बदलावी लागते, आणि थोड्या दिवसांनी कोणीतरी वैतागून ती तपासणीच काढून टाकतं. सिरियल नंबर घेऊ नका, तो एका सीएपुरताच वेगळा असतो. क्लायंट मोजकेच असतील आणि की तीच ठेवून नूतनीकरण होत असेल, तर पब्लिक कीचा हॅश चांगला टिकतो. सेवा जास्त असतील तर स्पिफी (सेवांच्या ओळखीचं मानक) वापरते तशी ऑल्टनेममधली यूआरआय ओळख मला सगळ्यात स्वच्छ वाटते: प्रत्येक सर्टिफिकेटवर नेमकी एकच, आणि तुलना पूर्ण स्ट्रिंगची, तुकड्यांची नाही. कॉमन नेमच ठेवायचं ठरलं तरी सीए सब्जेक्ट स्वतः लिहितो आणि विनंतीतला मजकूर जसाच्या तसा उचलत नाही, एवढी खात्री करून घ्या.

पहाटवारा, उद्याच्या मीटिंगमध्ये एक गोष्ट तुम्हालाच मांडावी लागेल, कारण दुसरं कोणी मांडणार नाही. तुमच्या लॉगमध्ये फक्त नाव आहे. 'ऑथराइज्ड'चा निकाल नाही, फिंगरप्रिंट नाही, सही करणाऱ्याचं नाव नाही. त्यामुळे आजवर बिलिंगच्या नावाने आलेल्या रिक्वेस्टपैकी बिलिंगच्या खरोखर किती, हे त्या लॉगवरून सांगता येत नाही. "गैरवापराचा पुरावा नाही" असं वाक्य अहवालात जाऊ देऊ नका. पुरावा ठेवलाच गेला नव्हता, असं लिहा. नेटवर्कचे लॉग वेगळे असतील तर कुठल्या पत्त्यावरून कोणत्या नावाने कॉल आले ते जुळवून पाहा, बिलिंगचं नाव आणि बिलिंगचा नसलेला पत्ता अशी जोडी शोधा. ते लॉग ठरावीक मुदतीने पुसले जात असतील, तर पुसणं आजच थांबवायला सांगा. आणि या सेवेने कोणाला टोकनं किंवा पासवर्ड दिले असतील तर ते सगळे बदला, जोडी सापडो वा न सापडो.

पहाटवारा

नेटवर्कच्या टीमला आत्ताच फोन केला, पुसणं थांबवलं आहे. टोकनांची यादी काढायला बसतोय. सीएवाल्यांनी सब्जेक्टबद्दल काय उत्तर दिलं ते मीटिंगनंतर इथेच लिहितो.